परतीची गाडी

सरिताला लोकांनी निवडून दिलं ते एका प्लॉटपायी. ती स्वतःच तसं म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. बीड बायपासच्या अलीकडं सोनचाफा कॉलनी आहे. तिच्या तोंडाशी, शाळेच्या भिंतीला लागून, एक मोकळा प्लॉट होता. मालक कोण, कुठं असतो, कुणाला ठाऊक नव्हतं. विचारणारं कुणी नाही म्हटल्यावर तिथं काय पडायचं बाकी राहणार? सकाळी कामाला निघालेली माणसं स्कूटीचा वेग कमी न करता पिशवी भिरकावायची. भाजीवाले उरलेला पाला तिथंच पालथा करायचे. समोरच्या मंगल कार्यालयातनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी खरकट्याचे ड्रमच्या ड्रम यायचे. शाळेतली पोरं खिडक्या लावून घामाघूम होऊन बसायची, पण खिडकी उघडायची नाहीत.

प्रचाराला सरिता दारोदार हिंडली तेव्हा तिनं रस्त्यांचं नाव काढलं नाही की पाण्याचं. तो ढीग मी हलवते, एवढं धरा, म्हणाली. लोकांनी ते धरलं. जानेवारीत निकाल लागला आणि सावळवाडीच्या काकासाहेबांची लेक शहरात नगरसेविका झाली. पैठण रस्त्यानं चितेगावच्या पुढं आत वळलं की सावळवाडी लागते. तिथं त्या दिवशी पारावर पेढे वाटले गेले.

आणि ती कामाला लागली, मनापासून लागली. सकाळी सहाला ड्रेसवर जुना स्वेटर चढवून ती प्लॉटच्या कोपऱ्यावर उभी राहायची. स्कूटी हळू झाली की आडवी जायची. कुणाला हात जोडले, कुणाला चार शब्द सुनावले. घंटागाडीची वेळ कॉलनीला सोयीची नव्हती, ती भांडून बदलून घेतली. बद्रीनाथ म्हणून त्या भागाचे स्वच्छता निरीक्षक होते, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांच्यामागं लागून तिनं जेसीबी आणवला आणि वर्षानुवर्षांचा ढीग उचलून नेला. प्लॉटची माती पहिल्यांदा दिसली तेव्हा शाळेच्या बाई बाहेर येऊन बघून गेल्या.

आठवडा झाला नाही तोच ढीग पुन्हा वाढायला लागला. घराघरातला कचरा बराच थांबला होता, पण मंगल कार्यालयाचे ड्रम थांबले नव्हते. लग्नसराईचे दिवस. सरिता त्या मालकाकडं जाऊन बसली. तो माणूस काही वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला आणि सरळ सांगितलं, घंटागाडीवाले एवढं खरकटं घेत नाहीत, वेगळी गाडी लावायची तर परवानग्यांतच महिने जातात. "म्याडम, बंद करतो मी. पर डालूं किधर? तुमीच सांगा," असं तो म्हणाला.

त्यात शहराच्या स्वच्छतेची पाहणी करणारं पथक येणार अशी बातमी आली. प्रभागाप्रभागांत रंगरंगोटी सुरू झाली. आपल्याच प्रभागात तो ढीग दिसला तर काय तोंड दाखवायचं, या विचारानं सरिताला जेवण जाईना.

त्याच दिवसांत एका दुपारी तिचा धाकटा भाऊ माऊली घरी आला. त्याच्याकडं पिकअप होती. सावळवाडी आणि आसपासच्या गावांचा भाजीपाला तो पहाटे शहराच्या मंडईत आणायचा आणि दुपारी रिकाम्या गाडीनं परत जायचा. जाताना बहिणीकडं जेवून जायचा. त्याला भाकरी वाढता वाढता सरिताच्या डोक्यात आलं आणि ते तिनं लगेच बोलून टाकलं, की परतीला तुझी गाडी रिकामीच जाते तर हॉलचे ड्रम घेऊन जात जा. डिझेलचं हॉलवाला बघील.

माऊलीनं घास थांबवून विचारलं, "अन् टाकू कुठं?"

"टाक कुठंबी लांब. हितं दिसायला नको," सरिता म्हणाली आणि ठेचा आणायला आत गेली.

एवढंच बोलणं झालं. पुढं तिनं विचारलं नाही.

प्लॉट कोरा झाला तो झालाच. शाळेच्या भिंतीवर पोरांनी फुलपाखरं रंगवली. बायकांनी कडेनं झेंडूची रोपं लावली, दोन बाकडी आली. ज्या कोपऱ्यावरनं लोक नाक दाबून जायचे तिथं म्हातारी माणसं संध्याकाळी टेकायला लागली. पथक आलं, फोटो काढून गेलं. मार्चमध्ये एका कार्यक्रमात स्वच्छ प्रभाग म्हणून सरिताचा सत्कार झाला. शाल अंगावर घेऊन ती माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मनावर घेतलं तर काही अवघड नसतं, नुसती इच्छा पाहिजे. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत तिचा नवरा ऋतुराज बसला होता. तो चितेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्या दिवशी सुट्टी टाकून आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मधे एकदा बद्रीनाथ साहेबांनी तिला विचारलं होतं, ताई, हॉलचं खरकटं जातं कुठं? सरिता म्हणाली, त्याचा बंदोबस्त केलाय. त्यांनी मान हलवली. ते जरा वेळ तसेच थांबले, पुढं काही ऐकू येईल म्हणून थांबल्यासारखे. मग मोटरसायकल चालू करून निघून गेले. सरिताला त्यांचं ते थांबणं आवडलं नव्हतं. पण ती विसरून गेली.

एप्रिलच्या मध्याला तिच्या आईचा, आवडाबाईंचा फोन आला. सोनाजीची मेंढरं मेली गं, म्हणाली, येऊन जा एकदा. तू आता मोठ्या जागंवर हायेस, तुझ्या शब्दानं त्यांला धीर येईल.

सोनाजी आणि बानाबाई हे गावाच्या कडेच्या वस्तीवरचं मेंढपाळ जोडपं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ते चरायला बाहेर पडायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. परत आले की त्यांचा कळप आधी काकासाहेबांच्या वावरात बसायचा. रात्र रात्र मेंढरं वावरात बसवली की लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं, म्हणून सगळेच शेतकरी त्यांना बोलवायचे. पण पहिला मान काकासाहेबांचा, कारण सोनाजीच्या बापाच्या काळापासून तसं चालत आलं होतं. सरिता लहान होती तेव्हा मेंढरं आली की ती घरात सापडायची नाही. जाळीच्या कुंपणाशी बसून कोकरं मांडीवर घ्यायची, तिथंच झोपून जायची. मग बानाबाई तिला कडेवर उचलून घरी आणून टाकायची आणि आवडाबाईला म्हणायची, घ्या तुमचं कोकरू. सरिताचं लग्न झालं तेव्हा बानाबाई मांडवात आली नाही, मेंढरं सोडून येता आलं नाही. पण दोन दिवसांनी वाट वाकडी करून शहरात आली, सासरच्या दारात उभी राहून सरूबाय कुठंय म्हणून विचारलं, तिचा चेहरा बघितला आणि पाणी पिऊन गेली.

ऋतुराजनं गाडी काढली. चितेगाव मागं पडलं, आतला रस्ता लागला. सरिता वाटेत फोन करत होती, पशुवैद्यकीय खात्यात ओळख कुणाची, भरपाईचा अर्ज कुठं द्यायचा. गावाच्या गायरानाशी जुनी दगडाची खदान आहे. तिथं माणसं गोळा झालेली दिसली म्हणून ऋतुराजनं गाडी कडेला घेतली.

दार उघडल्याबरोबर वास आला. आंबलेल्या भाताचा, उष्ट्या मठ्ठ्याचा, सडक्या झेंडूचा. तो वास सरिताच्या ओळखीचा होता. कितीतरी दिवस सकाळी सहाला त्या वासात ती उभी राहिली होती. खदान काठोकाठ भरून बाहेर आली होती. थर्माकोलच्या वाट्या, चांदीच्या रंगाच्या पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या. वाऱ्यानं उडालेल्या पिशव्या बाभळींना लोंबत होत्या. आणि एका झुडपाला लग्नाच्या कमानीवरची थर्माकोलची गुलाबी पाटी अडकली होती. तिच्यावर नवरा-नवरीची नावं होती आणि खाली त्या मंगल कार्यालयाचं.

तिनं ऋतुराजकडं पाहिलं. त्यानंही वाचलं होतं. तो गाडीचं दार लावायला मागं वळला आणि नको तेवढा वेळ त्या दाराशी राहिला.

मेंढरं सावलीला ओळीनं ठेवली होती. दहा-बारा असतील. पोटं टम्म फुगून पाय ताठ झालेले. जनावरांच्या डॉक्टरांनी एक कापून बघितलं होतं. आंबलेला भात खाल्ल्यानं पोट फुगून गेली, असं ते सांगत होते, आणि पोटातनं निघालेला पिशव्यांचा घट्ट गोळा त्यांनी काठीनं बाजूला सारला होता. सोनाजीचा मुलगा भारत हात कोपरापर्यंत घाणीनं भरलेला तसाच उकिडवा बसला होता. त्यानं रात्रभर मेंढरं चोळली होती, गोडं तेल पाजलं होतं. काही उठली, ही उठली नाहीत.

बानाबाई जमिनीवर बसली होती. रडून झालेलं असावं. सरिताला बघून तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि बाजूची जागा हातानं झाडून दिली. सरिता बसली. कळप सगळा हावरटासारखा धावला, म्हणाली बानाबाई, आम्हाला वाटलं खदानीत पाणी असंल. दिवाळीनंतर गेलो तवा असलं काही नव्हतं हितं. मग तिनं सरिताचा हात धरला.

"सरूबाय, शहरातनं कुणीतरी आणून टाकतंय बघ. तू त्या मुन्शिपाल्टीत हायेस. तेवढं हुडकून काढ कोण हाय ते."

सगळे तिच्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात कौतुक होतं. गावची लेक, शहरात नाव काढलेली. माऊली माणसांच्या मागं उभा होता. त्यानं मान खाली घातली होती आणि चपलेच्या टोकानं तो माती उकरत होता.

"व्हय मावशी," सरिता म्हणाली. "बघते."

ते शब्द तोंडातनं गेले आणि ती मनातल्या मनात दचकली. इतके सहज गेले ते. सत्काराच्या माईकसमोरही इतकं सहज बोलता आलं नव्हतं.

घरी गेल्यावर गोठ्यामागं तिनं माऊलीला गाठलं. रागानंच गेली होती. गावाच्या डोक्यावर आणून टाकायला तुला लाज कशी वाटली नाही, असं काहीतरी बोलायचं ठरवून. पण माऊलीनं वर बघितलं आणि म्हणाला, "अक्का, मी इचारलं व्हतं तुला."

त्यानं विचारलं होतं, खरंच होतं. खदान खोल आहे, कुणाचं वावर नाही, मेंढरं लांब गेलीत, असा त्यानं विचार केला होता. निदान त्यानं विचार तरी केला होता. तिनं तर ठेचा आणायला आत जाऊन विषय संपवला होता. माऊली हळूच म्हणाला, कुणाला ठावं नाय, मी टाकायचं बंद करतो, पंधरा दिसांत इसरतील लोक. सरितानं मान हलवली. त्या मान हलवण्याचीही तिला पुढं शरम वाटत राहिली.

शहरात परत आल्यावर तिनं हॉलच्या मालकाला सांगितलं की गाडी बंद. त्यानं बरं म्हटलं. तिसऱ्या दिवशी झेंडूच्या रोपांवर ड्रम पालथा झाला होता.

ते दिवस तिला वाईट गेले. प्लॉटसमोरून जाताना म्हाताऱ्या बायका बाकड्यावरून हात करायच्या, ताई, तुमच्यामुळं बसतो हो आम्ही. ती हसायची आणि भरभर चालायची. शेजारच्या लग्नाचं आमंत्रण होतं, ते त्याच हॉलमधे. पंगतीत बसली आणि समोर वाढलेल्या भाताकडं बघून उठली, पोट बरं नाही म्हणाली. घरात ऋतुराज तिला काही विचारत नव्हता. एकदाच, दिवा मालवल्यावर, म्हणाला, मला वाटलं होतं तू त्याच दिवशी सांगशील. तिनं कूस बदलली. मेंढ्यांच्या भरपाईच्या अर्जासाठी मात्र तिनं जिवाचं रान केलं. चार टेबलं फिरली, शिक्के मिळवले, आणि प्रत्येक टेबलावर लोक म्हणाले, गावासाठी किती करता ताई तुम्ही. तेव्हा ती कागद गोळा करून पुढच्या टेबलाकडं वळायची.

मग एके दिवशी सकाळी सोनाजी आणि बानाबाई तिच्या दारात उभे राहिले.

पहिल्या एसटीनं आले होते. सरिताकडं त्या वेळी कॉलनीतली माणसं बसली होती. कचरा परत यायला लागल्याची तक्रार घेऊन सत्यभामाबाई आल्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाच्या प्रमुख, सरिताच्या प्रचारात उन्हातान्हात हिंडलेल्या. त्यांच्यासोबत आणखी तिघं-चौघं होते. सरितानं बानाबाईला खुर्ची दिली. बानाबाई खुर्चीवर बसली नाही, भिंतीशी खालीच टेकली. सोनाजी उंबऱ्याजवळ पटका काढून उभा राहिला. अपेक्षा, सरिताची मुलगी, पाणी घेऊन आली.

बानाबाईनं ग्लास हातात धरला आणि विचारलं, घावलं का सरूबाय कोण हाय ते? आम्ही म्हणलं, फोन कशाला करायचा, जाऊनच इचारू. तू लई खटपट केलीस म्हणत्यात अर्जासाठी. तुझ्या बापावानी हायेस.

ते शेवटचं वाक्य सरिताला सोसलं नाही. अजून खोटं बोलता येण्यासारखं होतं. शोध चालू आहे, एवढं म्हटलं असतं तर ती दोघं चहा घेऊन समाधानानं परत गेली असती, आणि पुन्हा आली असती. तिला ते पुन्हा येणं डोळ्यांसमोर दिसलं. ती बानाबाईसमोर खाली बसली.

"मावशी, ते म्या टाकायला लावलं."

बानाबाईला नीट कळलं नाही. तिनं सोनाजीकडं पाहिलं.

सरितानं सगळं सांगितलं. समोरचा प्लॉट, हॉलचं खरकटं, येणारं पथक, माऊलीची परतीची गाडी. माऊलीनं कुठं टाकू म्हणून विचारलं तेव्हा आपण काय म्हणालो, तेही शब्दाला शब्द सांगितलं. खदानीपाशी बानाबाईनं हात धरला आणि आपण बघते म्हणालो, तेव्हा आपल्याला कळलेलं होतं, हेही सांगितलं. मागं सत्यभामाबाई आणि बाकीचे ऐकत होते. अपेक्षा दारात उभी होती आणि आईकडं बघत होती. सरिताला ती नजर सगळ्यात जास्त लागली.

बानाबाई म्हणाली, "तुला ठावं व्हतं का, ते आपल्या गायरानात पडतंय?"

"नाय मावशी. मी इचारलंच नाय."

"इचारलं नाय," बानाबाई म्हणाली. रागानं नाही. एखाद्या लहान पोरीनं सांगितलेलं पुन्हा म्हणून खात्री करावी तशी म्हणाली. तिनं पाण्याचा ग्लास न पिता फरशीवर ठेवला आणि भिंतीला हात देऊन उठली. सरितानं आधार द्यायला हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

सोनाजीनं पटका पुन्हा बांधला. जाताना तो सरिताला म्हणाला, तुमच्या वडलावर आमचा राग नाय. त्यांच्या घरचं मीठ खाल्लंय. पर औंदा मेंढरं तुमच्या वावरात बसवायला मन व्हायचं नाय, तेवढं त्यांना सांगा. तो तिला लहानपणापासून अगं-तुगं करत आला होता. आज तुमच्या म्हणाला.

ती दोघं गेली. मग सत्यभामाबाईंच्या सोबत आलेला एक जण घसा साफ करून म्हणाला, जे झालं ते झालं ताई, पण हे बाहेर नका बोलू, आपल्या कॉलनीचा स्वच्छतेतला नंबर जाईल. दुसऱ्यानं मान डोलावली. आपण थोडंच गावाला जाऊन टाकलं, म्हणाला. सरितानं त्यांच्याकडं पाहिलं. तीच माणसं होती, स्वच्छ कपड्यांतली, कष्टाची. त्यांच्या तोंडी तिचंच बोलणं होतं, हितं दिसायला नको. तिला त्यांचा राग आला नाही, स्वतःचीच किळस आली.

सत्यभामाबाई मात्र खाली बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, माझ्या नातीच्या लग्नाची पंगत त्याच हॉलमधे उठली. त्यातलंही तिथं गेलं असेल. आणि त्या कुणाचा निरोप न घेता उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सरिता बद्रीनाथ साहेबांकडं गेली आणि त्यांनाही सांगितलं. मला अंदाज होता, ते म्हणाले. आणि पुढं म्हणाले, मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. खदानीतलं सगळं परत आणायचं, तर कचरा प्रक्रिया केंद्रावर ते मिसळलेलं घेणार नाहीत, निवडून द्यावं लागेल. कुठं निवडायचं, त्यांनी विचारलं. सरिता म्हणाली, प्लॉटवर.

तेव्हा कॉलनी खवळली. माऊलीची पिकअप आता भरून शहराकडं यायला लागली आणि सोनचाफाच्या तोंडाशी दोन महिन्यांचं सडलेलं रिकामं करायला लागली. बाकडी उचलून ठेवावी लागली, झेंडू गेला. लोकांनी दारं लावून घेतली. तिच्या घरावर येऊन माणसं बोलून गेली. स्वच्छतेचा सत्कार घेणारी बाई स्वतः कचरा आणून टाकते म्हणून मोबाईलवर फोटो फिरले. फोटोत सरिता ढिगावर वाकलेली होती, रबरी हातमोजे घालून. त्या फोटोत खोटं काही नव्हतं म्हणून तिनं उत्तर दिलं नाही. ती आणि माऊली रोज निवडत बसायची. ऋतुराज कामावरून आला की येऊन बसायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी सत्यभामाबाई आल्या, सुती साडीचा पदर खोचून, मागं महिला मंडळातल्या दोघी. बाकी कुणी आलं नाही.

हॉलच्या मालकाला तिनं या वेळी चहा मागवू दिला नाही. ओल्या कचऱ्याचं खत करायचे खड्डे आवारातच करायला लावले, उरलेल्यासाठी रीतसर गाडी लावायला लावली, आणि पहिले काही दिवस ती ऋतुराजच्या मोटरसायकलवर त्या गाडीच्या मागं मागं केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन बघून आली. गाडीच्या ड्रायव्हरला तो अपमान वाटला. तिला त्याची लाज वाटली, पण ती जात राहिली.

काकासाहेबांना माऊलीनंच सांगितलं होतं. गोठ्यातली शेळीची दोन पाटं आणि बाजारातून आणलेल्या काही मेंढ्या त्यांनी स्वतः हाकत सोनाजीच्या वस्तीवर नेल्या. सोनाजीनं त्या घेतल्या. त्याचं नुकसान झालं होतं, घ्यायलाच पाहिजे होत्या. दोघं म्हातारे थोडा वेळ बाजेवर बसले, पावसाचं बोलले. वावराचा विषय कुणी काढला नाही. तेव्हापासून काकासाहेबांनी पारावर बसायला जाणं सोडलं. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणत.

मे संपता संपता खदान रिकामी झाली. शेवटची खेप भरायला सरिता स्वतः सावळवाडीला गेली होती. बाभळींच्या काट्यांत अडकलेल्या पिशव्या काठीनं ओढून काढत होती. सगळ्या निघत नव्हत्या, चिंध्या वरच राहत होत्या.

तेवढ्यात मेंढरांचा आवाज आला. सोनाजीचा कळप गाडीवाटेनं येत होता, पुढं भारत, मागं बानाबाई आणि तिची सून सुकेशनी, डोक्यावर बिऱ्हाड. खदानीशेजारच्या काकासाहेबांच्या वावराच्या बांधाशी येऊन मेंढरं सवयीनं आत वळायला लागली. भारतनं हाळी देऊन त्यांना आडवलं. तरी एक-दोन आत शिरलीच, त्यांना हाकलत बाहेर काढलं, आणि कळप पुढच्या वावरात, दुसऱ्याच्या शेतात गेला.

बानाबाई जवळून जाताना सरिता काठी टाकून उभी राहिली. बानाबाईनं तिच्या हातांकडं पाहिलं, बाभळीनं ओरबाडलेल्या.

"ऊन लई हाय. डोस्क्यावर कायतरी घे," ती म्हणाली, आणि न थांबता मेंढरांच्या मागं गेली.

सरितानं ओढणी डोक्यावर घेतली. बांधापलीकडं भारत आणि सुकेशनी जाळीच्या मेखा ठोकायला लागले होते. तिकडं बघायचं धाडस तिला झालं नाही. तिनं काठी उचलली आणि ती पुढच्या झाडाकडं गेली.